दोष टोपीचा

अहो,

शेजारच्या अक्कांबरोबर सकाळच्या गाडीने जळगावला जाते. सासूबाईंना दात दाखवायला म्हणून सांगितलंय, तुम्हीही तेच सांगा. भरीत झाकून ठेवलंय.

मला खाली चट्टे उठतात ते उष्णतेने नव्हे. उगाच सासूबाईंचा गुलकंद खाल्ला. पंधरा दिवसांमागे पोट शेकायला रबराची पिशवी घेतली, तर पोटावरही तसेच चट्टे! डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, अंगाला रबरच सोसत नाही. म्हणजे दोष तुमचा नाही, त्या रबरी टोपीचा.

पण टोपीशिवाय नाहीच. आणखी एक बाळंतपण जिवावर बेतेल, हे बाईंनी तुमच्यासमोरच सांगितलंय. त्यांनी माझ्यासाठी मुंबईहून दुसऱ्या मागवल्यात, मेंढीच्या आतड्याच्या. त्याच आणायला चालले. चातुर्मासात कांदा न शिवणारं आपलं घर! असू दे, ते पाप माझ्या माथी.

चिठ्ठी मुद्दाम तुमच्या काळ्या टोपीत ठेवलीय. वाचून चुलीत घाला.

मी तुम्हाला विटले असं समजून महिनाभर ओसरीवर झोपताय. उद्या संध्याकाळी येईन, तेव्हा अंथरूण आत दिसू दे.

— द्वारका