टँकर आधी तिला कळतो

मुखेड,
१४ मार्च १९८३

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम. माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच ठेवून देशील, या धास्तीनं पाकिटावरचा पत्ता वर्गातल्या एका मुलीकडून लिहून घेतलाय. म्हणजे वाचत असशील तर फसूनच वाचते आहेस. तीन वर्षं आपण बोललो नाही. तुझी बदली झाली, लातूर जिल्हा झाला, तू तिथल्या दवाखान्यात सिस्टर म्हणून रुजू झालीस, हे मला स्टँडवर तिऱ्हाइताकडून कळलं. ऐकून आनंद झाला की राग आला, ते मला अजून सांगता येत नाही. हल्ली माझं सगळ्याच बाबतीत तसं झालंय.

पंचवीस तारखेला, शुक्रवारी, नांदेडला आम्रपालीच्या शाळेत बैठक आहे. तुला माहीत नसेल, गेल्या वर्षी तिला तिथल्या वसतिगृहात ठेवलं. संस्था एकच, पण शाखा दोन. एक मूकबधिर मुलांची आणि दुसरी मंदबुद्धी मुलांची. आपली दुसरीत आहे. प्रवेशाच्या वेळी घरच्यांना एक तक्ता भरायला देतात, मूल कशाकशाला वळून बघतं म्हणून. मी मास्तरीण, माझं अक्षर वळणदार. मी ऐटीत लिहिलं, सगळ्या आवाजांना वळते. ऐकू येतं आणि सहा वर्षांची होऊन बोलत नाही, म्हटल्यावर त्यांनी तरी काय करावं? मंद म्हणून लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. आता शुक्रवारी ठरायचंय, तिला त्याच शाखेत ठेवायची की आणखी काही. नवा तक्ता समोर आहे. चार दिवस झाले, शाई भरून बसते आणि टोपण लावून उठते.

वसतिगृहात पाणी नाही म्हणून महिनाभर मुलांना घरी पाठवलंय. इथंही पाण्याचे हाल आहेत. आड आटला, तिसऱ्या दिवशी टँकर येतो, तोही त्याच्या लहरीनं. आणि गंमत अशी की टँकर येतोय हे गल्लीत सगळ्यात आधी आम्रपालीला कळतं. उंबऱ्याशी मातीत फतकल मारून बसलेली असते. एकदम उठते, घागर उचलते आणि सडकेकडं बोट करते. आम्हाला कुणाला घरघरही ऐकू आलेली नसते. शेजारची गंगम्मा आता आधी टँकरची नाही, हिचीच वाट बघते. म्हणते, "पोरगी हाय का कोण हाय ग! आमच्या कानाला न्हाई अन् हिला बरं कळतंय." सासूबाई तर फुलून जातात. "कान तिखट हायेत लेकराचे, तोंड उघडंल उशिरानं," हे त्यांनी पाहुण्यारावळ्यांत इतक्यांदा सांगितलंय, की ह्यांनाही ते पाठ झालंय. मलाही झालं होतं.

मागच्या मंगळवारी अंगणात विंचू निघाला म्हणून मी तिला बाजेवर बसवलं. चिंचोके मांडून खेळत होती. टँकर आला, दाराशी उभा राहिला, हॉर्नवर हॉर्न वाजवले. बायका भांडायला लागल्या. आम्रपाली चिंचोके मोजत राहिली. अक्का, तिनं मानसुद्धा वर केली नाही.

मला आधी वाटलं रुसली असेल. मग दार लावून परात घेतली आणि तिच्या पाठीशी वाजवली. काही नाही. खाली उतरवली, लांब जाऊन जमिनीवर पाय आपटला, तोंडातून हूं की चूं न करता. वळली आणि हसली माझ्याकडं बघून. पुन्हा बाजेवर, पुन्हा परात. सहा वेळा केलं. एकदा तरी परातीला वळेल म्हणून करत होते, आणि प्रत्येक वेळी ती शहाण्यासारखी मला चुकीचं ठरवत होती.

आपल्या दादांची सवय आठवते ना? पाय आपटल्याशिवाय त्यांनी कधी हाक मारली नाही. आपण दोघी चुलीमागं लपलो तरी आधी जमीन हलायची, मग "केवळाऽ, सिंधुऽ" यायचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाई हसायच्या, हाक मारतीस का धोपटतीस म्हणून. ती सवय गेली नाही. मी आम्रपालीला जन्मापासून पायानंच हाक मारत आले आणि वाटलं की ती माझा आवाज ओळखते. नांदेडच्या शाळेत शहाबादी फरशी, त्यात ती बाकावर बसते, जमीन हललेली तिला कळणार कशी? बाईंनी शेरा लिहिलाय, 'हाकेला ओ देत नाही, हट्टी आहे.' ते वाचून मी घरी तिच्या पाठीत धपाटा घातला होता. तो कसा परत घेऊ?

डोकं चालत नाही बघ. ऐकते म्हणावं तर पोर मंद ठरते. ऐकत नाही म्हणावं तर हुशार ठरते, पण मग तिच्या तोंडून कधीतरी आई ऐकायची माझी आशा माझ्याच हातानं खोडायची. खोडेन. पण हे म्हणतात, "गल्ली साक्षीला हाय, टँकर तिलाच आधी कळतंय. तू काय उलटं लावून राहिलीस?" तक्त्यावर दोघांच्या सह्या लागतात. त्यांच्यासमोर बाज, परात हे सगळं करून दाखवायचं माझं धाडस होत नाही, कारण आधी मीच त्यांना उलटं करून दाखवलं होतं.

तुझ्यासमोरही दाखवलं होतं. तीन वर्षांपूर्वी तिला मांडीवर घेऊन तू पाठीमागं ताटली वाजवलीस आणि हळूच म्हणालीस, "सिंधु, हिला ऐकू येईना ग." मी तिला हिसकून जमिनीवर ठेवलं, उंबऱ्यापाशी जाऊन हाक मारली, ती वळली. मग म्हणाले, तुला लेकरू नाही, तुला काय कळणार. तू ताटली जागेवर ठेवलीस, पिशवी उचललीस आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. ते शब्द रोज आठवतात. तू बरोबर होतीस, आणि तू चूक असतीस तरी मी ते बोलायला नको होतं.

म्हणून लिहिलं. बैठकीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी ये, अक्का. दुपारी, हे घरी असताना. आम्रपाली बाजेवर पाठमोरी असेल. उंबऱ्यातून तिला मोठ्यानं हाक मार, पण पाय आपटू नकोस. ती वळणार नाही. ह्यांना ते बघू दे, मी दोघांच्या मध्ये येणार नाही. मग तिला बाजेवरून उतरव, मातीत उभी कर, आणि दादांसारखा पाय आपट. मावशी आली हे तिला कळायला हवं.

तुझीच, तू अजून मानत असलीस तर,
सिंधु