माझी किडनी, त्याचं मांजर

१० सप्टेंबर २००७, सोमवार

रोज लिहायची मला सवय नाही. लिहावं लागतंय, कारण ट्रान्सप्लांट क्लिनिकच्या कॅरलने आज फोनवर सुनावलं : ताप, ओरखडा, खरचटणं, सगळं तारखेनिशी कागदावर हवं. "आठवतं मला" चालणार नाही. म्हणून ही वही.

सकाळी ७ : ९८.२. डाव्या मनगटावर ओरखडा, दोन इंच. कालचा. श्रीने लपवला होता. या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून चहाला बसला तेव्हाच संशय आला. साबणाने धुतलं, मलम लावलं.

मी : ती माझी किडनी आहे श्री. मांजरापायी वाया घालवायला दिलेली नाही.
तो : किडनी तुझी, मांजर माझं. दोन्ही सांभाळतोय की.

हसला. मी नाही. ऑपरेशनला तीन महिने झाले. शरीराने परकी किडनी झिडकारू नये म्हणून औषधांनी त्याची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवली आहे. एका ओरखड्यातून आत काय शिरेल कोण सांगणार.

१२ सप्टें., बुध.

९८.४. ओरखड्याभोवती लाली. पेनने कडा आखून ठेवली. पसरली तर कळेल.

कॅरल : मांजर ठेवायला हरकत नाही. मांजराच्या घाणीचा मातीचा ट्रे तुम्ही साफ करायचा, त्यांनी नाही. नखं कापत राहा.
मी : कायमची काढूनच टाकली तर?
कॅरल : आम्ही तसं सांगत नाही.

"करू नका" असंही म्हणाली नाही. मांजराच्या, म्हणजे मिरीच्या, डॉक्टरकडे फोन केला. पुढच्या दोन्ही पंजांची नखं, ४ ऑक्टोबर सकाळी ८. तिथली मुलगी म्हणाली, लवकर करून घ्या, टाउनशिप, म्हणजे इथली नगरपालिका, बंदीचा कायदा आणतेय, एकदा पास झाला की आम्हाला करता येणार नाही. मांजराच्या नखांना कायदा! मला वाटलं चेष्टा करते आहे.

श्रीला सांगितलेलं नाही.

१५ सप्टें., शनि.

गणपती. या वर्षी दीड दिवसाचा, आम्ही दोघंच. कुणाला बोलावलं नाही, लोक खोकला घेऊन येतात.

आरतीनंतर श्रीला थंडी वाजली. ९९.६. १००.५ ला हॉस्पिटल, असं फ्रिजवर लिहून चिकटवलंय. तासातासाने घेतला : ९९.६, ९९.८, ९९.८. गाडीची किल्ली हातात धरूनच बसले. पायात चपला. प्रसादाला हात लावला नाही.

तो : अगं, आरतीत टाळ्या वाजवून अंग गरम झालं असेल.
मी : थंडी वाजतेय तुला.
तो : मग एसी बंद कर.

सायंकाळी ६ : ९८.९. लाली रेघेच्या आतच. मिरी पूर्ण वेळ त्याच्या पोटावर, बरोबर उजव्या बाजूला, जिथे माझी किडनी बसवली आहे. पंजे उघडमीट करत. मी उचलून खाली ठेवली. परत चढली. परत ठेवली.

४ तारखेशिवाय इलाज नाही.

१९ सप्टें., बुध.

९८.२. शेजारची डॉरिस दारात. सत्तरीची बाई, हातात पत्रकांचा गठ्ठा. बंदीच्या बाजूने सही हवी. "तुझ्याकडे मांजर आहे, तू तर करशीलच." बघते म्हटलं.

पत्रकात पंजाचं चित्र. मला चित्राची गरज नाही. नागपूरला एम.एस्सी.ला मांजराचा सांगाडा तारेने बांधलाय या हातांनी. नख शेवटच्या हाडातूनच उगवतं. नख काढणं म्हणजे बोटाचं शेवटचं पेर तोडणं. हे मला १९६७ पासून माहीत आहे.

खाली दोन ओळी : पंजे दुखतात म्हणून मांजर ट्रेमधल्या मातीत जाईनासं होतं. नखं नसली की चावतं.

सोनी.

पत्रक घडी करून या वहीत ठेवलंय.

२२ सप्टें., शनि.

अनूचा शिकागोहून फोन. शिकायला जाताना "फक्त दोन महिने" म्हणून मिरीला इथे सोडलं, त्याला दोन वर्षं झाली. बाबांचे ओरखडे ऐकून पहिला प्रश्न : "आई, यू आर नॉट गोइंग टू डीक्लॉ हर?"
मी : तुझ्या बाबांचं काय ते बघ आधी.
अनू : डोन्ट यू डेअर. सोनीनंतर तर नाहीच.
मी : सोनीचं काय?
अनू : शी वॉज सो अनहॅपी, आई. म्हणून तर पळून गेली ना.

गॅसवर दूध आहे सांगून फोन ठेवला. दूध नव्हतं.

२६ सप्टें., बुध.

९८.६. विम्याचे जुने कागद शोधताना खालच्या खणात तो पिवळा कागद मिळाला. तिथेच आहे हे मला माहीत होतं. मिळाला म्हणणंही खोटंच.

एकदा लिहून टाकते.

१९८६. सोनी, अनूचं पहिलं मांजर. अनू नऊ वर्षांची. त्या वेळच्या डॉक्टरने सुचवलं, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करतोच आहोत तर त्याच भुलीत नखंही काढू, सोफा वाचेल. सगळेच करत. मी हो म्हटलं. एक प्रश्न विचारला नाही, सांगाडे बांधलेल्या बाईने. त्यानंतर सोनी गालिच्यावर घाण करायला लागली. अनूच्या हाताला दोनदा चावली. मार्चमध्ये श्री कामासाठी बाहेरगावी असताना मी तिला प्राण्यांच्या निवाऱ्यात देऊन आले. त्यांनी एक फॉर्म भरला, खालची प्रत मला दिली. पिवळी.

मांजर, मादी, वय दोन. पुढची नखं काढलेली. देण्याचं कारण : चावते, घरात घाण करते. दुसऱ्याला देण्यायोग्य : "नाही" वर खूण. नाही म्हणजे काय, ते न विचारताही कळलं.

घरी सांगितलं, दार उघडं राहिलं, पळाली. श्री परत आला आणि टॉर्च घेऊन तीन आठवडे गल्लीगल्लीतून "सोनी, सोनी". विजेच्या खांबांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मजकूर माझ्याकडून लिहून घेतला, माझं अक्षर चांगलं म्हणून. मी लिहून दिल्या.

२८ सप्टें., शुक्र.

९८.४. कॅरलला विचारलं : ओरखडा वाईट की चावा? म्हणाली, चावा. पुष्कळ वाईट. दात खोल जातात.

म्हणजे नखं ठेवावीत तर भीती, काढावीत तरी भीती. पण प्रत्येक मांजर सोनीसारखं होतं असं कुठे आहे? ओरखडे तर आत्ता होतायत. आज उजव्या तळहातावर एक. पेनने रेघ.

टाउनशिपच्या सभेत जाऊन बोलणार. बंदी करा, पण घरात असा रुग्ण असेल तर सवलत ठेवा. तीन मिनिटांचं लिहिलंय. घड्याळ लावून वाचलं, दोन मिनिटं पन्नास सेकंद.

१ ऑक्टोबर, सोम.

सभा साडेसातला. हॉल भरलेला. श्रीला घरीच ठेवलं, गर्दी बंद आहे त्याला.

एक गृहस्थ : "आज मांजराची नखं, उद्या माझ्या कुंपणाची झाडं कापायलाही परवानगी लागेल!" हशा. एक तरुण डॉक्टरीण : ही नखं कापणं नाही, बोटं कापणं आहे. दुसरे डॉक्टर : बंदी आली तर लोक मांजरं निवाऱ्यात नेऊन टाकतील. मी हातातलं भाषण परत पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

मग माझं नाव. नाव आणि पत्ता माइकमध्ये सांगावा लागतो. वाचलं. घंटेच्या आत संपवलं. डॉरिस माझ्याकडे बघत नव्हती.

कौन्सिलमधल्या एका सभ्य म्हाताऱ्याने विचारलं : मॅडम, यापूर्वी कधी मांजराचं हे करून घेतलंय? अनुभव कसा?

मी : हो. एकदा. काही त्रास झाला नाही.
तो : ते मांजर किती वर्षं जगलं?
मी : पळून गेलं.

एकवीस वर्षांनी, न अडखळता. वर माइकमध्ये.

मतदान १५ तारखेवर ढकललं.

घरी आले तर श्री टीव्हीपुढे. सभा लोकल चॅनेलवर दाखवतात हे मी विसरलेच होते. मिरी मांडीवर.

तो : फर्डं बोललीस. पण मला न विचारता माझा आजार गावभर केलास.
मी : तुझ्यासाठीच केला.
तो : हं. (टीव्ही बंद करून) सोनीला त्रास नव्हता म्हणालीस.

मी टेम्परेचर घेतलं. ९८.८. तोंडात थर्मामीटर असला की तो बोलू शकत नाही.

४ ऑक्टो., गुरु.

श्री झोपलेला असताना मिरीला पिंजऱ्यात घालून नेलं. वाटेत एकदाही ओरडली नाही. सोनी ओरडली होती.

फॉर्म : पुढचे दोन्ही पंजे, दहा बोटं. मालकाची सही. सही केली. मुलगी पिंजरा आत घेऊन गेली. किडनी देण्याआधी मला तीनदा एकटीला खोलीत बसवून विचारलं होतं, कुणाची जबरदस्ती नाही ना. नको वाटलं तर सांगा, घरच्यांना आम्ही काहीतरी वैद्यकीय कारण देऊ. तीनदा.

मुलगी परत येऊन : काही प्रश्न आहेत?
मी : किती दिवस दुखतं?
ती : सांगणं कठीण. मांजरं दाखवत नाहीत.

पिंजरा परत मागितला. दोनदा मागावा लागला. "कॅन्सल करू?" म्हणाली. मी म्हटलं, नको. १२ तारीख द्या. मतदानाआधीची. भीती गेलेली नाही, ती काय तिथे ठेवून येता येते.

घरी आल्यावर मिरीला टॉवेलमध्ये गुंडाळून नखं कापली. दहा टोकं. माझ्या हातावर दोन ओरखडे. मला चालतात.

७ ऑक्टो., रवि.

तळहातावरची लाली रेघेबाहेर, पाव इंच. ९९.४. कॅरलशी बोलले, औषध वाढवलं, मंगळवारपर्यंत बघू म्हणाली.

श्री सहज : त्या चिठ्ठ्या किती छान लिहिल्या होत्यास तू. कुणीतरी नेली असेल नाही तिला, चांगल्या घरात?

मी कुकर लावायला उठले.

९ ऑक्टो., मंगळ.

सकाळी ७ : ९९.१. लाली तेवढीच. काल कोलंबस डेची सुट्टी, टाउनशिप ऑफिस बंद होतं. आज गेले.

दिलं ते असं.

टाउनशिप क्लार्कला, सकाळी १०.२० : माझं निवेदन, एक पान, सहीसह. १ तारखेच्या सभेत मी दोन गोष्टी खोट्या सांगितल्या. त्रास झाला होता. मांजर पळालं नव्हतं. सोबत १९८६ च्या फॉर्मची झेरॉक्स. सवलतीची मागणी मागे घेतलेली नाही, फक्त खोटं मागे घेतलंय. क्लार्क बाई म्हणाल्या, हे सगळ्यांना वाचता येईल, कळतंय ना? म्हटलं, म्हणूनच आणलंय. शिक्का मारून पोच दिली.

डॉरिसला : तिचं पत्रक. सही केलेली नाही. "अजून माहीत नाही" असं तोंडी सांगितलं. ती आत या म्हणाली नाही.

अनूला : काही नाही. आधी श्री.

श्रीला, दुपारी ४, चहाबरोबर : पिवळा कागद, मूळ प्रत. १२ तारखेचंही आता सांगणार; जायचं की नाही, ते वाचून त्याने सांगायचं.

तो : हा कसला कागद?
मी : वाच.

चष्मा शोधतोय. मिरी त्याच्या मागे मागे. चष्मा फ्रिजवर आहे, मला इथून दिसतोय. मी अजून सांगितलेलं नाही.