पहारेकरी दादाची कबुली

सारंगखेडा,
सोमवार

प्रिय भूमिका,

पाकीट बघून आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की घरी सगळे ठणठणीत आहेत. पप्पा केळीच्या बागेत गेले आहेत आणि आजीचा सकाळपासूनचा तिसरा चहा चालू आहे. हातात फोन असताना मम्मीला स्पीड पोस्ट का सुचलं, ते पुढे येईलच. मला तुझ्याजवळ एक गोष्ट कबूल करायची आहे. ती वाचल्यावर तू माझ्याशी पूर्वीसारखं मोकळं बोलशील की नाही, याची मला खात्री नाही. समोरासमोर सांगायला गेले तर मी मध्येच स्वतःची बाजू मांडायला लागेन. वीस वर्षं वर्गात उभं राहून मराठी शिकवल्याचा हा तोटा आहे. कागदावर निदान खोडता येतं. हा तिसरा कागद.

मे महिन्यात तू आली होतीस, तेव्हाची एक संध्याकाळ तुझ्या लक्षात नसेलही. तू ओट्याशी उभी राहून मला 'लास्ट पिकेट' या तुझ्या कॉम्प्युटरवरच्या खेळाबद्दल सांगत होतीस. बर्फातली एकटी चौकी, तिथली सार्जंट, दुसऱ्या भागाच्या शेवटी कोसळलेला पूल, आणि तिसऱ्या भागाची सहा वर्षं चाललेली वाट. तुझे हात हवेत फिरत होते. मी भाकरी थापत 'हो का', 'बरं' म्हणत होते. तू एकदम थांबलीस आणि म्हणालीस, जाऊ दे मम्मी, तुला नाही कळायचं. रागाने म्हणाली असतीस तर मी उलट बोलले असते. तू अगदी प्रेमाने म्हणालीस, म्हणून ते लागलं. त्या दिवशीच्या डायरीत दोनच वाक्यं आहेत: 'भूमिका बोलत होती. मी ऐकत नव्हते.'

तू पुण्याला गेल्यावर मी तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर पहिला भाग सुरू केला. चार दिवस मी नुसत्या भिंतीला गोळ्या घातल्या. पाचव्या दिवशी एक शत्रू पडला आणि मी इतक्या जोरात ओरडले की आजी देवघरातून उठून आली. मग ती रोज शेजारी खुर्ची टाकून बसायला लागली. तिचा पहिला प्रश्न होता, "त्या मानूसले काब्र मारी ऱ्हायनी वं? तो काय आपला वावरमा घुसना शे का?" मी म्हटलं, वावरात नाही, पण आपल्या चौकीत घुसला आहे, म्हणून मारते. मग तिला पटलं. आता तीच मला मागून सांगते की उजवीकडे एक लपला आहे, आणि बहुतेक वेळा तो असतो. पप्पांची तक्रार वेगळी. "गोळीबार धीरे कर, म्हैस बिचकस," म्हणून त्यांनी मला बाजारातून हेडफोन आणून दिला. पावसाळा संपेपर्यंत माझे दोन्ही भाग झाले. पूल कोसळला तेव्हा मी रडले, हे तुला आत्ता पहिल्यांदा सांगते आहे.

पण कबुली ही नव्हे. तू मे महिन्यात मला तुमचा टेलिग्रामवरचा गट दाखवला होतास. मराठीतून या खेळावर बोलणारे दोनशे जण, आणि त्यात तू 'भूमिगत' या नावाने. जूनमध्ये मी त्या गटात शिरले. आधी वाटलं होतं की आठ दिवस नुसतं वाचायचं, तुला कशात गोडी वाटते ते समजून घ्यायचं आणि बाहेर पडायचं. नाव मागितलं, मी 'पहारेकरी' लिहिलं. पहिल्याच दिवशी कोणीतरी 'या पहारेकरी दादा' म्हणून स्वागत केलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. हो भूमिका, तुमचा पहारेकरी दादा म्हणजे मीच. पुलावर कुठल्या बाजूने चढायचं यावरून तू ज्याच्याशी दोन दिवस भांडलीस आणि शेवटी 'दादा, तुम्ही चष्मा बदला' म्हणालीस, ती मीच होते. चष्मा मी खरंच बदलला.

नोव्हेंबरात तिसरा भाग फुटला, तो दिवस तुला माहीतच आहे. बाजारात यायला महिना असताना अख्खा खेळ नेटवर. आम्हा शिक्षकांना पेपर फुटल्यावर वाटतं, तसंच मला वाटलं. मग गटाचा नियम ठरला. फुटलेल्या चित्रफिती बघून बंदुकीबद्दल बोला, बर्फाबद्दल बोला, पावलांच्या आवाजाबद्दल बोला, पण गोष्टीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. प्रत्येक निरोपावर आधी 'फक्त बंदूक' असं लिहायचं. इतक्या संयमाने बोलणारी माणसं मी आमच्या स्टाफरूममध्येही पाहिलेली नाहीत. कोणी नव्या रायफलीच्या आवाजाला थंडीत सुरू होणाऱ्या ट्रॅक्टरची उपमा देतं, कोणी बर्फावर उमटणाऱ्या बुटांच्या ठशांवर पानभर लिहितं, आणि ते बूट कुठे चालले आहेत याचा मात्र पत्ता लागू देत नाही. सांगलीच्या त्या मुलाने 'फक्त बंदूक' लिहून खाली 'तळघरात जो भेटतो त्याची बंदूक भारी' असं टाकलं, तेव्हा वीस जण त्याच्या अंगावर धावून गेले. तू लिहिलं होतंस, 'आता मला कळलं की तळघर आहे आणि त्यात कोणीतरी आहे. सहा वर्षं थांबले होते, आभारी आहे.' मी स्टाफरूममध्ये इतकी हसले की रंजनाबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, एका मुलाने निबंध लिहिलाय. त्या दिवशीचं हे पहिलं खोटं.

त्यानंतरच्या आठवड्यात शिरपूरकडच्या एकाला गोष्ट फोडल्याबद्दल समज मिळाली. त्याने राग काढला, आणि कसा काढला बघ! अख्खा शेवट अहिराणीत लिहून टाकला. गट चालवणारी साताऱ्याची मुलगी आणि नागपूरचा डॉक्टर, दोघांनाही त्यातलं काही कळलं नाही. तिने तर खाली बदाम लावला आणि लिहिलं, 'किती गोड भाषा!' दुपारचे दोन वाजले होते, मी वह्या तपासत होते. एका दमात वाचून गेले, आणि तिसऱ्या भागात कोण राहतं, कोण जातं, ते सगळं मला कळलं. मग आठवलं की चार वाजता तुझं कॉलेज सुटतं, तू बसमध्ये बसल्यावर पहिला तोच गट उघडतेस आणि अहिराणी तुला येते. मी साताऱ्याच्या मुलीला लिहिलं, ते ताबडतोब पुसा. तिने विचारलं, त्यात आहे तरी काय? मी लिहिलं, ते सांगितलं तर तुमचाही खेळ गेला. बिचारीने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून पुसलं. तेव्हापासून अहिराणी निरोपांवरचा पहारा माझ्याकडे आला. शेवट मला माहीत आहे, भूमिका. या पत्रात तो कुठेही सांडणार नाही, काळजी करू नकोस.

दादाला अहिराणी येते म्हणजे तो आपल्याच भागातला असणार, असं धरून त्या संध्याकाळी तू मला गटाबाहेर, एकट्याला निरोप पाठवलास. "दादा, तुम्ही आमनाकडला शेत का? कोन्ता गावना?" मी उत्तर दिलं, शहाद्याकडला. त्यानंतर तू धबधब्यासारखी लिहायला लागलीस. मेसच्या भाजीला शिव्या, मास्तरांच्या नकला, रूममेट लिडियाला झोपेत गाणं म्हणायची सवय. आणि एकदा अगदी गंभीरपणे, "दादा, तुमनी बायको तुमले खेळू देस का?" मी लिहिलं, "ती बी खेळस." तू हसून लोळणारे चेहरे पाठवलेस. मी मात्र फोन पालथा ठेवला. ही मुलगी मला माहीत नव्हती.

ती माहीत नसण्याला कारण मीच आहे. तू बालवाडीत होतीस तेव्हा 'माले पानी दे' म्हणालीस की मी पेला हातात धरून ठेवायचे, तू 'मला पाणी दे' म्हणेपर्यंत. तुला मार्क पडावेत, पुण्यात कोणी हसू नये, असं मनात होतं. मी स्वतः अकरावीत वर्गात एकदा 'काय करी ऱ्हायनी' बोलून गेले होते आणि ते हसणं मला अजून ऐकू येतं. पण तुझ्या हातात पेला उशिरा दिला, तो मीच. आजीशी तू अहिराणीत खिदळायचीस आणि मी खोलीत आले की दोघी शुद्ध व्हायच्या. म्हणून तर तुला दादाचा संशय आला नाही. अहिराणीत बोलणारी मम्मी तुला कुठे माहीत होती!

मी थांबायला हवं होतं. डायरीत रोज लिहायचे, उद्या सांगून टाकीन. दुसऱ्या दिवशी तुझा निरोप यायचा आणि मी पुन्हा दादा व्हायचे. लबाडी होती, पण त्यात मजाही होती, हे लपवलं तर या पत्राला अर्थ नाही. आणि एक प्रश्न तर मी विचारायलाच नको होता. गेल्या मंगळवारी मी विचारलं, तुझी आई कशी आहे? तू लिहिलंस, "मम्मी भलती चांगली शे. पन तिले बठ्ठं पहिलेच ठरेल लागस." चोरून मिळवलेलं उत्तर होतं, तरी खरं होतं. मला सगळं आधीच ठरलेलं लागतं. मी तुझी पहिलीची शाळा ठरवली, अकरावीची शाखा ठरवली, आणि आता बँकेची परीक्षाही मीच ठरवून ठेवली होती.

त्या उत्तराच्या पाठोपाठच तू दादाला ती बातमी सांगितलीस. पुण्यातल्या एका लहान कंपनीने तुला खेळातल्या पात्रांचे संवाद लिहायला निवडलं आहे, जानेवारीत सुरुवात आहे, आणि मला 'भरला' म्हणून सांगितलेला बँकेचा फॉर्म तू भरलेलाच नाहीस. पुढे लिहिलंस, "मम्मी रडनार नही, पन तीन दिन डायरी लिखत बशी." शनिवारी पहाटेच्या बसने उतरून आधी आपल्या गावच्या यात्रेत यायचं, घोडेबाजाराच्या तोंडाशी भज्यांच्या गाडीवर दहा वाजता दादाला भेटायचं, त्याच्यासमोर एकदा बोलून बघायचं आणि मग घरी येऊन मला सांगायचं, असं तू ठरवलं आहेस. हे पत्र त्यासाठी आहे. दादा तिथे येणार नाही, आणि मी गप्प राहून दुपारी दारात नवल वाटल्याचा चेहरा करणार नाही. तो चेहरा मी आरशात करून पाहिला, फार वाईट दिसतो. फोनवरून लिहिलं असतं तर वर दादाचं नाव आलं असतं नाहीतर मम्मीचं. मला दोघांनी मिळून लिहायचं होतं. फॉर्मबद्दल तू खोटं बोललीस, पण तीन आठवड्यांत माझ्या वहीत सत्तावीस खोटी झाली आहेत, तेव्हा मला बोलायला जागा नाही. काळजी मात्र वाटते, तीही सांगून टाकते. बातमी वाचल्यावर आधी काळजी वाटली, मग भीती, आणि रात्री भांडी घासताना एकदम आनंद झाला, कारण तुझं लिहिणं मी तीन आठवडे वाचलं आहे आणि तुझी माणसं खरी बोलतात. गटातला पहारा मी काल नवापूरच्या एका मिथुन नावाच्या शिक्षकाकडे दिला. शनिवारी दहा वाजता भज्यांच्या गाडीवर मी उभी असेन. राग आला असेल तर येऊ नकोस. अकरापर्यंत वाट बघून घरी परतेन आणि त्यावर एक शब्द काढणार नाही. आलीस तर मला सगळं पहिल्यापासून सांग, जणू मला काहीच माहीत नाही असं नाही, तर मला माहीत असूनही. तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलंच आहे. पप्पांना आणि आजीला मी तुझ्या नोकरीबद्दल काहीही कळू दिलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस, मी फोडणार नाही.

वाट बघतेय,

तुझीच,
मम्मी