कुलपाचा व्हॉल्व्ह

१२ डिसेंबर १९३८
परत तेच! व्हॉल्व्हच्या दांड्याला आणखी एक वजन टांगलेलं. टेकडीवरच्या टाकीतून पाणी जोरात उतरतं; तो जोर गावात शिरण्याआधी कमी करायला हा व्हॉल्व्ह. दांड्यावर वजन जितकं जास्त, तितका पुढे दाब जास्त. हे गावाला कळलंय, माझं दुर्दैव. वर पानाची पिचकारी. हातानं पुसावी लागली. शी!

१३ डिसेंबर
लाइनमन दोधू खाली बघत म्हणाला, "बन्सीलालशेठनी टांगं, साहेब. मी काय बोलू?" शेठच्या माडीवर नळ चढत नाही म्हणून. वजनाचं बूड पोखरून लाख भरलेली — शेठच्या दुकानातलंच. इथेही मापात पाप.

१७ डिसेंबर
रात्री पुन्हा वजन टांगलं, आणि त्या दाबाने खालच्या आळीत पाइप फुटला. रुक्मिणीबाईची मातीची भिंत बसली. "माले नळच नको, साहेब. मन्ही भीत पडनी." नवरा वाहरू शेठच्याच जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस वाहतो, म्हणून गप्प. किळस आली — शेठची, गावच्या पाणी-कमिटीची, आणि त्या गप्प बसण्याचीसुद्धा.

१९ डिसेंबर
कमिटीत शेठनेच तक्रार केली, ओव्हरसियरचं लक्ष नाही म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा. बाकीचे चहा पीत माना डोलवत होते.

४ जानेवारी १९३९
नवा व्हॉल्व्ह बसवला. यात दांडा नाही, वजन नाही. आत स्प्रिंग, ती आवळायला स्क्रू, स्क्रूवर लोखंडी टोपी, टोपीला कुलूप. दाब अगदी खाली आणलाय; खालच्या आळीला आता भीती नाही. टांगा म्हणावं काय टांगायचं ते!
दोधू म्हणाला, "चावी मन्हाकडे ऱ्हाऊ द्या, साहेब. कधी लागी तं?" दिली नाही. त्याच्याकडे म्हणजे शेठकडेच.

८ जानेवारी
शेठने पेढे पाठवले. गाईला घातले.

१५ जानेवारी
उद्या नवापूरला, स्टेशनवर आलेले पाइप ताब्यात घ्यायला. चावी बरोबर नेतो. या गावात खुंटीवर ठेवायचीही सोय नाही.

१७ जानेवारी
काल शेठच्या जिनाला आग लागली. आग विझवायची नळी गावच्या पाइपालाच जोडलेली. दाब इतका कमी, की पाण्याची धार माणसाच्या डोक्याच्या वर चढली नाही. दोधूने दगडाने कुलूप फोडेपर्यंत छप्पर खाली आलं. वाहरू आत होता.
सकाळी रुक्मिणीबाईकडे गेलो. तिने बसायला गोणपाट टाकलं. चावीचं तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.