निहारिकाचा ब्रश

उज्जैन

ती. आईस,
पल्लवीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मी मजेत आहे. बँक सुटल्यावर माधव नगरात प्रभाकरकाकांकडे चिनी सुलेखन शिकते. घर मराठी आहे, काळजी नको. पण तिथे जे घडलं ते फोनवर सांगवेना, म्हणून लिहिते.

गेल्या महिन्यात काका म्हणाले, "पेन की ब्रश, आज ठरव. पेन लवकर जमेल, ब्रशला सालं लागतील." मी ब्रश म्हटलं. त्यांनी आपल्या वारलेल्या मुलीचा, निहारिकाचा, ब्रश दिला.

मी 'पाणी' अर्थाचं चिनी अक्षर काढलं. शेवटची रेघ उजवीकडे खाली उतरायला हवी, ती टोकाशी वर वळली. मी वळवली नव्हती, आई. पुन्हा काढलं, पुन्हा तेच.

सुलभाकाकू चहा घेऊन आल्या आणि कागद पाहून थबकल्या. "अहो, ही तर निहारिकाची गलती! किती टोकायचात तुम्ही तिला!"

काकांनी तिची जुनी वही आणली. दोन्ही अक्षरं हुबेहूब एक होती.

मी घाबरून पेन मागितलं. पेनाने रेघ बरोबर उतरली, तशा काकू रडू लागल्या. "बेटा, ब्रशनेच काढ ना," म्हणाल्या.

आता मी ब्रशच घेते. काकू शेजारी बसून माझ्या हाताशी बोलतात. मला नाही म्हणवत नाही.

दादाला यातलं काही सांगू नकोस. पण एक खरं सांग. हल्ली फोनवर माझा आवाज तुला माझाच वाटतो ना?

तुझीच,
पल्लवी