तीन चाळीसचं दुखणं

४ डिसेंबर २०२३, सर्जेकोट

आले एकदाची! सकाळी गडहिंग्लजहून स्वेटर घालून निघाले. आंबोलीत चहाला थांबलो तेव्हा तो काढवेना, आणि मालवणात उतरले तर पाठीवरून घामाच्या धारा. जितेंद्र सारखा हसत होता. पस्तिसाव्या वर्षी लग्न करून मी समुद्रकाठी राहायला आलेय, हे अजून खरं वाटत नाही.

घर कौलारू, पुढे खळं, म्हणजे अंगण, मागे विहीर आणि विहिरीला लागून एक खोली. बंदरावर जितेंद्रचा बर्फाचा कारखाना आहे. पहाटे होड्या सुटायच्या आधी लाद्या फोडल्याचा आवाज घरापर्यंत येतो म्हणे. घरात आम्ही तिघंच. तिसरी माझी थोरली जाऊ, चंद्रावतीताई. जितेंद्रचे मोठे भाऊ सुदेश अकरा वर्षांपूर्वी गेले. त्यांची मुलगी दिव्या तळेऱ्याला दिली आहे. ताईंनी माझ्यासाठी बांगड्याचं तिखलं केलं होतं. डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी परत वाढून घेतलं.

जितेंद्रने लग्नाआधीच सांगितलं होतं, वर्षातून महिना-दीड महिना माझं डोकं दुखतं, फार दुखतं. मला त्याचं काही वाटलं नाही. सात वर्षं मी बाबांचं अंथरूण सांभाळलं. शाळेत मी बेताचीच बाई होते, पण आजारी माणूस माझ्याइतका कुणाला सांभाळता येत नाही, हे बाबा शेवटपर्यंत सांगत होते. तेवढी एकच गोष्ट मला येते.

११ फेब्रुवारी २०२४

आज कळलं, ते डोकं दुखणं नव्हेच.

दुपारी खळ्यात बसून तो फोनवर बर्फाचं बोलत होता. तीन चाळीसला त्याने उजव्या डोळ्यावर तळहात दाबला. दोन मिनिटांत डोळा लालभडक. त्यातून पाणी, पापणी खाली आलेली, नाकाची फक्त उजवी बाजू वाहतेय. मी म्हटलं, आडवा हो, बाम चोळते. अनोळखी बाईकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं आणि मागल्या खोलीकडे धावला. ताई तिथे आधीच पोचल्या होत्या. आतून कडी लागली.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. त्याला एका जागी बसवत नव्हतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या, मध्येच खांबावर कपाळ आपटणं, आणि एक आवाज, जो मी आजवर माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. कोपऱ्यात ऑक्सिजनचं सिलिंडर होतं. ताईंनी चावी फिरवली, त्याच्या तोंडावर मास्क घट्ट धरला आणि मानेमागे हात ठेवून आकडे मोजू लागल्या. मध्ये मध्ये म्हणत होत्या, "जातला रे, आता जातला."

अठरा मिनिटांनी ते गेलं. तो घामाने निथळत जमिनीवर बसला आणि ताईंच्या पदराला नाक पुसलं. अगदी लहान मुलासारखं.

त्या दोघांत वावगं काही नाही. असतं तर बरं झालं असतं, त्यावर भांडता तरी आलं असतं.

९ मार्च २०२४

रोज तीन चाळीस. घड्याळ लावून घ्यावं. गोव्याच्या डॉक्टरांनी नाव दिलंय, क्लस्टर हेडेक. ठराविक मोसमात येतं, ठराविक वेळी, एकाच डोळ्यामागे, आणि मोसम संपला की आपण होऊन जातं. शेजारच्या राधाबाई त्याला डोळ्यातली कळ म्हणतात.

मी आत येऊ का, असं जितेंद्रला विचारलं. तो म्हणाला, तुला तसं बघू द्यायचं नाही. प्रेमानेच म्हणाला. पण ताईंनी बघितलेलं चालतं. वर्षाचे चाळीस-पंचेचाळीस दिवस, दुखणं सुरू झाल्यापासून अकरा वर्षं. हिशेब केला तर मी त्याला ओळखतच नाही. माझ्याशी तो पुस्तकातली मराठी बोलतो, बँकेतल्या साहेबाशी बोलावी तशी. खोलीत ओरडतो ते सगळं मालवणीत.

२६ मार्च २०२४

चार दिवस झाले, आलं नाही. गेलं! जितेंद्रने आज खळ्यात बसून बिअर प्यायली. दुखण्याच्या दिवसांत तो थेंबाला शिवत नाही, त्याने ते उलटतं. आम्ही दोघं तोंडवळीच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. पुढचे दहा महिने तो माझा.

१७ नोव्हेंबर २०२४

वर्ष फार चांगलं गेलं. तरी खरं लिहायचं तर मी मोसमाची वाट बघतेय. सगळं वाचून काढलंय. मास्क कसा बसवायचा, सिलिंडरचा काटा किती ठेवायचा, सगळं. ताई बाजारात गेल्या की खोलीत जाऊन स्वतःच्या तोंडावर मास्क लावून सराव करते. यंदा माझी पाळी आहे.

१९ जानेवारी २०२५

तीन आठवडे आधीच आलं. मी ताईंच्या आधी खोलीत पोचले. चावी फिरवली, मास्क लावला, सगळं बरोबर केलं. त्याने माझा हात झटकला. "तू भायर जा. वयनीक बोलाव."

पहिल्यांदाच माझ्याशी मालवणीत बोलला. तेही हे.

६ फेब्रुवारी २०२५

बारा वाजता ताई मासळी आणायला बंदरावर गेल्या. मी मागल्या खोलीत गेले, खिडकी उघडली, सिलिंडरची चावी फिरवली. एवढंच. बारीक फुस्स आवाज येत राहिला. मी विहिरीवर जाऊन कपडे धुतले. तीन वाजता चावी बंद करून आले.

तीन चाळीसला ताईंनी मास्क लावला आणि आत काही नव्हतं. दुसरं सिलिंडर कुडाळहून यायचं होतं. एक तास पन्नास मिनिटं. त्याचं कपाळ फुटलं. मग तो ताईंवर ओरडला, "तुका वायच काटो बगूक काय झाला होता?" बारा वर्षांत पहिल्यांदा ओरडला असेल. ताईंनी फक्त माझ्याकडे बघितलं.

मी जखमेला हळद लावली. त्याने लावू दिली.

संध्याकाळी मला फार भूक लागली. दोनदा भात घेतला.

२ मार्च २०२५

आणखी दोन वेळा केलं. आता पुन्हा करणार नाही. तो ताईंशी तुटक बोलतो. एवढं पुरे आहे.

१५ एप्रिल २०२५

जात नाहीये.

मार्चच्या सुरुवातीलाच जायला हवं होतं. उलट आता दिवसातून दोनदा येतं, सकाळी अकराला आणि तीन चाळीसला. आणि परवापासून डावा डोळा. आजवर कधी डावीकडे आलं नव्हतं. मधल्या वेळातही डोळ्यामागे काहीतरी सावलीसारखं बसून असतं, असं तो म्हणतो. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं हे असंच बदलत जातं. काहींचं मोसम सोडून बाराही महिन्यांचं होतं, का ते कुणाला सांगता येत नाही. मी विचारलं, एखाद्या दिवशी ऑक्सिजन मिळाला नाही म्हणून असं होतं का? ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा जितेंद्र माझ्याकडे बघू लागला.

१२ जुलै २०२५

पावसाळ्यामुळे मासेमारी बंद, कारखाना बंद, तो दिवसभर घरात.

आज ताई गेल्या. दिव्याकडे, तळेऱ्याला. मी राहा म्हटलं नाही. एसटी येईपर्यंत आम्ही दोघी नाक्यावर उभ्या होतो. त्या म्हणाल्या, "घोव तुझो. आता तूच बग तेका." आणि म्हणाल्या, दुखण्याची वही खोलीत खिळ्याला टांगली आहे. सहा ऑगस्टला गोव्याच्या डॉक्टरांना दाखवावी लागेल.

मी एसटीला हात केला. मग घरी येऊन खोलीची कडी आतून लावून बघितली.

२० जुलै २०२५

आता आत मी असते. मोजते, मास्क धरते. त्याचं डोकं माझ्या हातात असतं. तो डोळे मिटून घेतो. माझ्याकडे बघत नाही. संपलं की भिंतीला टेकतो. माझा पदर समोर असतो, पण शर्टाच्या बाहीने नाक पुसतो.

अजूनही हाक तिलाच.

१ ऑगस्ट २०२५

वही वाचली. तो कारखान्यात गेला होता, होड्या आज सुटल्या.

शाळेची वही, मोठी, शिवलेली. बारा वर्षं. तारीख, वेळ, डोळा कुठला, किती मिनिटं. एकही दिवस चुकलेला नाही. मला प्रत्येक पानाचा हेवा वाटला. मग यंदाचा फेब्रुवारी आला —

"६ फेब. उजवो. ३.४०. काटो सकाळी भरलेलो. दुपारी रिकामो. नम्रता खोलीत गेलली, राधाबायन बघितल्यान."

खाली आणखी दोन तारखा. दोन्ही बरोबर. आणि शेवटी — "मी बोललंय नाय. तेंचो संसार मोडात."

तिला माहीत होतं. तिने त्याच्या शिव्या खाल्ल्या आणि माझा संसार राखला. इतकं चांगलं असायचा हक्क तिला कुणी दिला?

पान फाडलं तर शिलाईतून दुसरं सुटतं, ते कळेल. उद्या नीट बघते. ब्लेड लागेल.

३ ऑगस्ट

काल तो घराबाहेर पडलाच नाही. आज दुपारी अंघोळीला गेला तेव्हा ब्लेड घेऊन गेले.

खिळ्याला वही नाही.

४ ऑगस्ट

विचारता येत नाही. वही कुठे आहे म्हटलं तर का हवी विचारेल. सकाळी अकराला आलं नाही. तीन चाळीसलाही आलं नाही. मी मास्क घेऊन उभी होते. तो बाजेवर बसून माझ्याकडे बघत होता, दोन्ही डोळे कोरडे, स्वच्छ. मी विचारलं, आज नाही? तो म्हणाला, नाही.

जेवला नाही. माझ्या हातचं पाणीही नाही.

५ ऑगस्ट, सकाळ

ताईंना फोन केला. दिव्याने उचलला. आई सकाळच्या गाडीने निघाली म्हणाली. काकाने बोलावलंय.

राधाबाईंच्या घराला कुलूप. कधी नसतं.

दुपारी, तीन पंचवीस

तो मागल्या खोलीत गेलाय. सिलिंडर हलवल्याचा आवाज. मग फुस्स — बराच वेळ. तो ते सोडून देतोय. का? तीन चाळीसला लागलं तर —

तीन चाळीस

ओरडणं नाही. फेऱ्या नाहीत. पंचेचाळीस मोजले, पन्नास — काही नाही. सिलिंडरचा फुस्स आवाज थांबला.

मला हाक मारतोय. माझं नाव. पहिल्यांदाच त्या खोलीतून माझं नाव. "नम्रता, गो, भुतूर ये." इतका गोड आवाज. लग्नापासून इतका गोड कधी —

जाऊ नये. पुढच्या दाराला बाहेरून कडी आहे. कुणी लावली? ताई अजून —

पुन्हा हाक. म्हणतो, कळ येतेय, लवकर ये, मास्क धर. सिलिंडर रिकामं आहे आणि मास्क धर म्हणतो. म्हणतो, आज आपण दोघांनीच मोजूया, किती मिनिटं लागतात ती. म्हणतो, वयनीची वही माझ्याकडे आसा, तुझी पण घेवन ये, तू दुपारी लिहीत बसतस ती —

ही मी जाळायला — काडेपेटी चुलीपाशी, आणि चूल त्या खोलीच्या दारा

पावलं. फेऱ्या नव्हेत, सरळ

तो दारात आहे. डावा डोळा लाल, पाणी गळतंय, तरी हसतोय. हात पुढे केलाय, वहीसाठी की माझ्या