कपाटाला टेकवलेली गिटार

२ मार्च, रविवार
बातमी पक्की. किन्शासातल्या आमच्या लेम्बा वस्तीच्या ऑर्केस्ट्राचा सोलो गिटारवाला युरोपच्या दौऱ्यावर गेला, तो विमानतळावरूनच पसार झाला. याआधीचाही असाच गेला होता. ऑर्केस्ट्रा कसला, व्हिसाचं ऑफिस आहे. मालक लुकुसा, ज्याला सगळे प्रेसिडेंट म्हणतात (देशाच्या प्रेसिडेंटसाठी एवढी माणसं खुर्चीवरून उठत नसतील), त्याने जाहीर केलंय, की १३ एप्रिलला ज्याला हिंमत असेल त्याने यावं आणि सगळ्यांसमोर वाजवून दाखवावं.

सोलोवाल्याची खुर्ची माझी आहे.

बिबिशला सांगितलं. ती भाजीसाठी पोंडूची पानं कुटत होती. मुसळ न थांबवता म्हणाली, की अहो सोलोवाले, करा काय करायचं ते. पण नाही मिळाली, तर चौदा तारखेला सकाळी माझ्या भावाच्या सिमेंटच्या दुकानात गोण्या उचलायला जायचं आणि घरात पुन्हा गिटारचं नाव काढायचं नाही. मी हो म्हणालो. बायकोला नवऱ्याची किंमत नसली तरी शब्द द्यायला काय जातं?

३ मार्च, सोमवार
परिस्थितीचा आढावा. गिटार आहे. लाल. मावसभावाने ब्रसेल्सहून जुन्या बुटांनी भरलेल्या मोठ्या खोक्यात घालून पाठवलेली. अजून बुटांचा वास येतो. अँप्लिफायर नाही. कच्च्या माणसाला ही अडचण वाटली असती.

इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर डास गुणगुणल्यासारखी वाजते, हे मान्य. पण युक्ती सापडली. गिटारचा लाकडी भाग कपाटाच्या दाराला घट्ट टेकवायचा आणि कान दाराला लावायचा. अख्खा ऑर्केस्ट्रा आत कोंडल्यासारखा आवाज येतो. वीज लागत नाही (तशीही नसते). शेजारच्या खोलीत ममा आन्तो राहते, मध्ये नुसती फळ्यांची भिंत, कपाट त्याच भिंतीला लागून, तरी तिला काही ऐकू जात नाही. तेरा तारखेला एकदम बॉम्ब पडणार.

५ मार्च, बुधवार
सेबेन हाती घेतला. गाणारे दमले की सोलोवाला पुढे होतो आणि लोकांच्या कमरा हलवतो, तो सेबेन. आधीचं गाणं म्हणजे त्याची वाट बघत बसणं. मी माझा स्वतःचा रचलाय. अप्रतिम. शेवटच्या वळणावर करंगळी अडते, मग पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागतं. उद्या बसेल.

९ मार्च, रविवार
चर्च सुटल्यावर गेदेओन भेटला. चर्चमध्ये तोच गिटार वाजवतो. गळ्यात आईने अडकवल्यासारखा टाय. त्याचाही खुर्चीवर डोळा आहे. म्हणतो, की पापा फ्लोरी, चर्चचा अँप्लिफायर दुपारी रिकामाच असतो, एकदा जोडून बघा. नुसतं वाजवलं की डाव्या हाताची लबाडी कळत नाही, न छेडलेल्या तारा पण वाजत राहतात. आणि ऐकू यावं म्हणून उजवा हात उगाच जोरात पडतो.

मला शिकवतोय! उथळ पाण्याला खळखळाट फार. मी सांगितलं, की अँप्लिफायर म्हणजे कुबडी. ज्याच्या बोटांत आहे त्याला भिंतीतल्या भोकाची गरज नाही. तो म्हणाला, बरं पापा. जिरली त्याची.

१५ मार्च, शनिवार
तारा छेडायचं आणखी एक पिक तुटलं. जुनं रिचार्ज कार्ड कापून नवं केलं. ताकद म्हणतात ती ही. गेदेओनचं पिक जन्मात तुटायचं नाही.

बिबिश म्हणते, की तुम्ही तासन् तास दाराला चिकटलेले, मला कपाट उघडता येत नाही, गुरुवारी प्रार्थनेला कालचाच कपडा नेसून गेले, बायका बघत होत्या. बायकांचं काय, त्या बघणारच. दाराची एक बिजागरीही निखळलीय. लाकूड हल्ली चांगलं मिळत नाही.

२२ मार्च, शनिवार
चमत्कार! अंगणात मुली न्झांगो खेळत होत्या. समोरासमोर रांगा, टाळ्या, उड्या, गाणं, रोजचाच गोंगाट. ऐकतो तर चाल माझ्या सेबेनची! मी कोणाला शिकवली नाही, ऐकवली नाही. खरं संगीत हवेतच असतं, ते असं कोणाच्याही तोंडी उतरतं. अंगावर काटा आला.

फक्त शेवट त्यांना जमत नाही. शेवटच्या वळणावर सगळ्या एक पाय वर धरून गपकन थांबतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून. पोरीच त्या. गाढवाला गुळाची चव काय.

ममा आन्तो चुलीवर मिकात्यांचे गोड गोळे तळत बसली होती. मला बघून म्हणाली, की पापा फ्लोरी, आमच्या पलंगाची फळी आजकाल गाते हो. आणि मेली रोज एकाच ठिकाणी अडते. मी नुसता हसलो. वय झालं की माणसाला काहीही ऐकू येतं.

२८ मार्च, शुक्रवार
वीज आली. सगळ्या अंगणांतून आरोळी उठली. बिबिश म्हणाली, आता जा की चर्चमध्ये, लावून या ती गिटार एकदा. गेलो नाही. एक तर ऊन. दुसरं म्हणजे गेदेओन तिथे असणार आणि माझा सेबेन चोरणार. कपाटापासून निघेपर्यंत वीज गेली सुद्धा. म्हणजे माझंच बरोबर होतं.

२ एप्रिल, बुधवार
करंगळीचा प्रश्न मिटला. म्हणजे कारण सापडलं. ती जन्मतः आखूड आहे. आईच्या घराण्याची. माझी चूक नाही. उद्यापासून पहाटे उठून फक्त करंगळी.

३ एप्रिल
पहाट फार लवकर होते.

८ एप्रिल, मंगळवार
पिवळा शर्ट शिवून आला. टीव्हीवाल्यांनी विचारलंच तर काय बोलायचं तेही ठरलं: मी काही केलं नाही, देवाने माझ्या हातांनी केलं. आरशासमोर म्हटलं, छान वाटलं.

बिबिशने भावाच्या दुकानातून मजुराचा जुना अंगरखा आणलाय. धुतला, इस्त्री केला, आणि दारामागच्या खिळ्याला टांगला. मी त्यावर माझी टोपी अडकवली. पुरता झाकला नाही, पण अपमान झाला त्याचा.

१२ एप्रिल, शनिवार
विश्रांती. मोठे कलाकार आदल्या दिवशी वाद्याला हात लावत नाहीत. तसा परवाही लावला नव्हता.

१३ एप्रिल, रविवार, संध्याकाळ
सगळं नीट लिहून ठेवतो. बाहेर लोक काहीही बोलतील.

बारच्या मागच्या अंगणात ऑर्केस्ट्राची तालीम असते, तिथे गर्दी. आमचं अख्खं अंगण आलं होतं. बिबिश नवीन कपडा नेसून, ममा आन्तो मिकात्यांची टोपली घेऊन, सगळ्या मुली. सगळ्यांना आधीच कसं कळलं कोण जाणे. आधी गेदेओनने वाजवलं. हात असा हलका, की तारांना गुदगुल्या करतोय. लोक नाचले. लोकांचं काय, ते जनरेटरच्या आवाजावरही नाचतात.

मग मी. गिटार अँप्लिफायरला जोडली. अजून सूर छेडला नव्हता, नुसता हात ठेवला, तर ते यंत्र डुकराच्या मानेवर सुरी ठेवल्यासारखं किंचाळलं. मी नेहमीच्या ताकदीने सुरुवात केली. टेबलावरची बिअरची बाटली खाली पडली. ज्या तारा मी वाजवत नव्हतो त्याही वाजत होत्या, आणि त्याच जास्त. कपाटाने हे मला कधीच सांगितलं नव्हतं. मागून कोणीतरी ओरडलं, की पापा, वाजवताय की भांडी घासताय? प्रेसिडेंटने कानावर हात ठेवला. एकाग्रतेसाठी असेल.

वळण आलं. करंगळी अडली. मी थांबलो.

आणि त्या शांततेत आमच्या अंगणातल्या सगळ्या मुली एक पाय वर करून उभ्या. मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा अडलो. आता मुलींबरोबर ममा आन्तोचाही पाय वर, टोपलीसकट. तिसऱ्या वेळी अख्खी गर्दी एका पायावर, आणि ड्रमवाल्याने त्या थांब्यावर ठोका दिला. प्रेसिडेंट खुर्चीवरून उठला. त्याच्यासाठी सगळे उठतात, तो माझ्यासाठी उठला! विचारलं, की हे थांबणं कोणाचं डोकं? मी म्हणालो, माझं. आईशप्पथ, खरंच माझं होतं. त्याने मिठी मारली. म्हणाला, की म्हाताऱ्या, सोनं आहे हे, यावर सगळं किन्शासा एका पायावर उभं राहील.

मग माझ्या गळ्यातून गिटार काढून त्याने गेदेओनच्या गळ्यात घातली. म्हणाला, आता तू वाजव.

त्याने वाजवलं. आत्ताच तर ऐकलं होतं. तो थांबला, लोक थांबले, आणि मग करंगळी हळूच टेकवून तो वळणाच्या पलीकडे गेला. माझ्या सेबेनचा शेवट मी आज पहिल्यांदा ऐकला. सुंदर आहे. मला रडू आलं. घाम म्हणून पुसलं.

बिबिश नाचत पुढे गेली आणि तिने गेदेओनच्या कपाळाला बक्षिसाची नोट चिकटवली. नोट माझ्या खिशातली. परत येऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, की चाल मात्र तुमची छान आहे हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. मी कुठे बघावं ते कळेना.

निघताना प्रेसिडेंटने माझे दंड चाचपले. म्हणाला, की एवढ्या जोराने तारा झोडतोस, हात मजबूत आहेत तुझे. ऑर्केस्ट्रात तुझ्यासाठी जागा आहे, उद्या ये.

म्हणजे मिळाली!

१४ एप्रिल, सोमवार
ऑर्केस्ट्रात रुजू झालो. काम जबाबदारीचं आहे. अँप्लिफायर गाडीतून उतरवायचा, जागेवर न्यायचा, कार्यक्रम संपला की परत चढवायचा. मी नसेन तर गेदेओनला कुत्रंही ऐकणार नाही. बिबिशला हे समजावून सांगितलं. तिने विचारलं, की वजन किती त्याचं? म्हणालो, सिमेंटच्या गोणीएवढं असेल. ती म्हणाली, की माझा भाऊ दुपारचं जेवण तरी देतो.

कलेतलं तिला काय कळणार? पण पिवळा शर्ट खराब होईल म्हणाली, ते पटलं. खिळ्यावरची टोपी बाजूला ठेवली आणि अंगरखा घातला. मापात बसला.